पाच वार

टचबॅकचा भाव पुन्हा वधारला. २०१६ च्या आधी २० होता, मग २५ झाला, २०२४ मध्ये ३० आणि २०२५ मध्ये ३५. इतक्या नेमाने तर महागाई भत्ताही वाढत नाही. तोही निदान कामावर हजर असणाऱ्याला मिळतो. इथे समोरच्या संघाने मारलेला चेंडू गोलरेषेपलीकडे झेलायचा, गुडघा टेकायचा आणि ३५ यार्ड खिशात घालून निघायचं. अमेरिकन फुटबॉलमध्ये काहीही न करण्याला याहून चांगला पगार नाही.

यार्ड म्हणजे आपला वार, कापडाच्या दुकानातला. आणि दरवाढ दर वेळी पाच वारांचीच. चार नाही, सात नाही. डाव सुरू करणारी ही किक म्हणजे किकऑफ, आणि तो सुधारणाऱ्यांच्या पट्टीवर पाचखेरीज दुसरी खूणच नसावी.

१९७४ मध्ये त्यांना वाटलं, झेललेला चेंडू घेऊन होणारी पळापळ कमी होतेय. म्हणून चेंडू मारायची जागा आपल्या गोलरेषेपासून ४० वारांवरून ३५ वर आणली. पाच वार मागे. १९९४ मध्ये पुन्हा तसंच वाटलं, पुन्हा पाच वार मागे, ३० वर. २०११ मध्ये ध्यानात आलं, की पळापळीत माणसं एकमेकांवर आपटतात आणि त्यांच्या मेंदूला हादरे बसतात. मग पाच वार पुढे, परत ३५ वर. म्हणजे १९९४ ला घेतलेली साडी सतरा वर्षं नेसून दुकानात परत केली. घडी मोडलेली साडी परत घेणारा दुकानदार मी अजून पाहिलेला नाही, पण अमेरिका मोठा देश आहे.

या माघारीचं फळ मी स्वतः पाहिलं. फेब्रुवारी २०२४ चा सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना. न्यू जर्सीतल्या भाच्याने फोन करकरून गळ घातली, ‘मामा, हा सोडू नका.’ सोमवारी पहाटे पाचला उठून चहा घेऊन बसलो. त्या सामन्यात १३ किकऑफ झाले आणि तेराच्या तेरा टचबॅक. एकही माणूस चेंडू घेऊन पळाला नाही. किक, शिट्टी, जाहिरात. आमची ही आतून चहाचं पातेलं घेऊन आली, दोन मिनिटं बघत उभी राहिली आणि म्हणाली, ‘अहो, मग त्यांनी चेंडू हातानेच तिकडे नेऊन का ठेवू नये?’

हा प्रश्न विचारायला तिला ना समिती लागली, ना अहवाल. पण नेमकं हेच करायचं नाही, असं ठरलेलं असावं. त्याऐवजी २०२४ चा मोसम नवा किकऑफ घेऊन आला, आणि त्याचं वर्णन मी शक्य तितकं गंभीरपणे करतो. चेंडू मारणारा आपल्या ३५ वर एकटा उभा, जत्रेत चुकल्यासारखा. त्याचे दहाही सोबती त्याला सोडून पार समोरच्यांच्या ४० वर. दोहोंत अंतर पंचवीस वार, पाच पाचे पंचवीस. त्यांच्यासमोर अडवणाऱ्यांची रांग ३५ वर. मध्ये किती? बरोबर. आता खरी गंमत. किक बसली, चेंडू डोक्यावरून गेला, सत्तर हजार माणसं ओरडतायत, तरी या दोन्ही रांगांनी हलायचं नाही. चेंडू जमिनीला किंवा झेलणाऱ्याच्या हाताला लागेपर्यंत शंभर-शंभर किलोचे पुरुष हेल्मेट घालून, पाच वारांवरून एकमेकांच्या डोळ्यांत बघत ‘स्टॅच्यू’ खेळतात. लहानपणी आमच्या वाड्यात या खेळात हललेल्याला चिमटा बसायचा. इथे पेनल्टी बसते, आणि ती किती वारांची असते हे सांगून मी तुमच्या बुद्धीचा अपमान करणार नाही.

कारण मात्र खरं आहे, आणि तिथे माझं हसू थांबतं. पूर्वी हेच लोक पन्नास-पन्नास वार सुसाट येऊन धडकायचे. पाच वारांत तेवढा वेग येत नाही, म्हणून एकेक धडक सौम्य. मान्य. पण धडक सौम्य झाली म्हणताच लगेच हिशेब मांडला गेला, की मग आता धडका वाढवायला हरकत नाही! २०२३ मध्ये शंभरातले जेमतेम २२ किकऑफ पळवले गेले होते. नव्या पद्धतीने ते ३३ च्या आसपास गेले, तरी मंडळींचं पोट भरेना. म्हणून टचबॅक ३५ वर नेला, म्हणजे चेंडू लांब मारणाऱ्याला भुर्दंड बसावा आणि त्याने तो मुकाट्याने पळवण्याजोगा टाकावा. पायरी सुरक्षित झाली म्हणून घरातल्या म्हाताऱ्याला दिवसातून तीनदा जास्त जिना चढायला लावावं, तसं हे. आणि या सगळ्याला शब्द काय, तर ‘समतोल’! थरार आणि सुरक्षितता यांचा समतोल! तराजूच्या एका पारड्यात तेविशीतल्या पोराची मान. तो पोरगा किकऑफपुरताच मैदानात येतो, त्याचं नाव समालोचकाला कागदात बघून सांगावं लागतं, आणि पुढच्या आठवड्यात त्याची नोकरी राहील की नाही हे त्यालाही माहीत नसतं. दुसऱ्या पारड्यात माझी पहाटेची करमणूक. काटा धरणारे हॉटेलच्या थंडगार हॉलमध्ये बसलेले, आणि त्यांच्या डोक्याला आजवर जास्तीत जास्त मोटारीचं दार लागलं असेल. आणि मी तरी कोण मोठा साव? तेरा टचबॅक बघून चरफडलो कशावर? कुणी कुणावर आदळलं नाही, यावरच ना!

असो. पाच वार म्हणजे नेमकं किती, यावरून एके दिवशी घरात वाद झाला. हल्लीची पाचवारी नावालाच पाचवारी, भरते सहा वार. म्हणून हिने कपाट उघडून आईची जुनी सुती साडी काढली. अस्सल पाच वारांची, काठ विटलेला. हॉलमध्ये पसरली तर टीव्हीपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत गेली. मी टीव्हीपाशी, ती उंबऱ्यात, अंगावर यायला एवढं अंतर पुरतं का याचा मी अंदाज घेत होतो.

‘बघत काय बसलाय,’ ती म्हणाली, ‘धरा ते टोक, घडी घालायचीय.’

काठाला काठ लावत आम्ही दोघं पाच वार चालत आलो. हात हाताला लागल्यावर तिने माझ्याकडचं टोक काढून घेतलं आणि साडी कपाटात ठेवली.