सूत आणि थ्रेड्स

परवा वर्ध्यात जनसंपर्कवाल्यांची कार्यशाळा झाली. पाहुण्या तज्ज्ञांनी पहिल्याच स्लाइडवर विचारलं, "तुम्ही कुठेकुठे आहात?" आम्ही भाबडेपणानं म्हणालो, "वर्ध्यात." तज्ज्ञ हसले. 'असणं' म्हणजे आता थ्रेड्सवर, ब्लूस्कायवर, मास्टोडॉनवर, झालंच तर अरट्टईवर असणं.

ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये. देशी 'कू' २०२० मध्ये चिवचिवला आणि २०२४ च्या जुलैत उडाला. प्रत्येकाच्या मयताला आम्ही होतो. आमच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्यांचे पासवर्ड अजून पेन्सिलीत जपलेले आहेत.

जवळच सेवाग्राम. १९३६ पासून तिथल्या म्हाताऱ्याचा मीडिया सेल म्हणजे ढीगभर पत्रं, 'हरिजन' साप्ताहिक आणि व्हाइसरॉय लिनलिथगोंनी बसवून दिलेला एक टेलिफोन. त्यात सोमवारी मौन, म्हणजे आठवड्याला एक दिवस पोस्टच नाही! आमच्या तज्ज्ञांनी त्यांना नापासच केलं असतं. तरी १४ जुलै १९४२ ला वर्ध्यात काँग्रेस कार्यसमितीनं इंग्रजांनी जावं असा ठराव केला आणि तो लंडनपर्यंत पोचला; बूस्ट न करता. कारण सांगायला काहीतरी होतं.

आम्ही मात्र पाच ठिकाणी एकच 'सुप्रभात' टाकतो. थ्रेड्स २०२३ मध्ये आलं; इथं सूत त्याआधीपासून कातलं जातंय. फरक एवढाच, चरख्याच्या सुतातून निदान पंचा तरी निघतो.