पट्टी मारणारे अण्णा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत मागांच्या खडखडाटातूनही एखादा ग्राइंडर किंचाळताना ऐकू येतो. तिथं पत्र्याच्या शेडमध्ये हमखास एक अण्णा असतात. घरात तेलुगू, शेजाऱ्याशी कन्नड, गिऱ्हाइकाशी मराठी आणि वेल्डिंग मशीनशी हिंदी. हिंदीतलं सगळंच छापण्याजोगं नसतं.

मोटारसायकलची सीटखालची चासी चिरली की माणसं अण्णांकडे येतात आणि आल्याआल्या खोटं बोलतात. "जास्त वजन नसतंय ओ अण्णा, दोघंच बसतो." अण्णा गप्प. सीट काढतात, चिंधीने पाइप पुसतात आणि चिरेकडे बघत राहतात. चीर बरीचशी गंजून काळी पडलेली, शेवटचा तेवढा तुकडा चकचकीत. "हे काळं दिवाळीपासनं फाटत आलंय, चकचकीत हाय ते कालचं. डावीकडनंच गेलंय म्हणजे वहिनी एका बाजूला बसतात. आन् मागं चादरीचे गठ्ठे. खरं का नाही?" गिऱ्हाईक मान खाली घालतं. दिवाळी कुठून काढली, हे विचारायची सोय नाही.

मग बॅटरीची वायर सुटते, पेट्रोलची टाकी लांब जाते, गिऱ्हाइकाची बिडी विझते. आणि अण्णा ड्रिल उचलतात.

"अहो, जोडायला आणलीय, भोक काय पाडताय?"

"टोकाला भोक नाही पाडलं तर चीर वेल्डिंगखालनं पुढं पळती. गोल भोकात आली की थांबती."

हे वाक्य ते रोज म्हणत असणार, पण प्रत्येक वेळी अशा आवाजात, की ऐकणाऱ्याला आपण जगातले पहिलेच अडाणी वाटावं. मग चीर घासून खाच करायची, पाइप पुरताच तुटला असेल तर आत बारका पाइप सरकवायचा, टाके मारून माप बघायचं, मग वेल्डिंग. वर पट्टी. पट्टीची टोकं सरळ कापलेली त्यांना खपत नाहीत, तिरकीच हवीत. सरळ कापली तर पट्टी टिकते आणि तिच्या शेजारी पाइप तुटतो. हे सगळं होईपर्यंत "अर्ध्या तासात देतो" म्हटलेली गाडी संध्याकाळपर्यंत उघडीच. मे महिन्यात पारा 44 पर्यंत चढतो आणि अण्णा वेल्डिंगची काच डोळ्यांपुढे धरून आपल्यालाच विचारतात, "लई उकडतंय का ओ?"

त्यांचा खरा राग कॉलेजच्या पोरांवर. 1996 साली बंद झालेली आरएक्स 100 कुठून तरी पैदा करायची आणि फॅशन म्हणून तिची मागची चासी कापायची! अशा पोराला अण्णा पट्टी मारून देतात, पण आधी त्याच्या वडिलांचा फोन नंबर मागतात.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. ती मागावरून दुकानापर्यंत वाहणाऱ्या गाडीला मिळाली ती अण्णांची पट्टी, वर लाल रंगाचा हात.

गाडी तयार झाली की गिऱ्हाईक तिथंच गठ्ठे रचू लागतं. नेहमीपेक्षा एक जास्त. "आता मजबूत झाली की ओ!"

अण्णा तेलुगूत काहीतरी लांबलचक बोलतात. मग उठून सगळे गठ्ठे सोडतात, वजन चाकाच्या मागं लोंबणार नाही असे पुढं सरकवून रचतात आणि दोरीची गाठ स्वतः मारतात. जास्तीचा गठ्ठा शेडमध्येच ठेवून घेतात. "हा दुसऱ्या खेपेला न्या. येताना चहा सांगत या."