तिघांच्या मालकीचा रोहित

पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्या मंडळींत जमीनदार आणि कुळे असे दोन वर्ग असून, पहिल्या वर्गातील गृहस्थ लाखांत किंमत मोजावी लागणारी हातभर लांबीची भिंगे खांद्यावर वागवीत पाणथळीच्या काठी अवतरतात, तेव्हा दुसऱ्या वर्गातील माणसाला खिशातला फोन बाहेर काढण्यापूर्वी आपल्याकडे कोणी पाहत नाही ना, याची खातरजमा करून घ्यावी लागते. ह्या कुळांच्या मुक्ततेची युक्ती 1999 साली मलेशियातील लॉरेन्स पो ह्या पक्षिनिरीक्षकाने करून दाखवली : डोळा लावून पाहण्याच्या स्पॉटिंग स्कोपला मागच्या बाजूने लहानसा डिजिटल कॅमेरा भिडवायचा, आणि डोळ्याला जे दिसले असते ते त्याच्याकडून टिपून घ्यायचे. पुढे कॅमेऱ्याची जागा फोनने घेतली, फोनला स्कोपशी जखडून ठेवणारी अ‍ॅडॉप्टरे दीड-दोन हजारांत मिळू लागली, आणि 26 मिलिमीटरच्या भिंगाशी तुल्य असलेला फोन 20 पटीच्या स्कोपमागे उभा केला की तो 520 मिलिमीटरच्या भिंगाची बरोबरी करतो, हा सोपा गुणाकार एके दिवशी आमच्या तात्यांच्या कानी गेला. त्यानंतर आम्ही भिगवणला गेलो नसतो तरच नवल.

मोहिमेचा सरंजाम एका मालकाचा नव्हता, हे येथेच नमूद केलेले बरे. 80 मिलिमीटर तोंडाचा स्कोप तात्यांचा. ते महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त झालेले असून, चहाचा पेला हाती घेतानाही त्याची पोच द्यावी की काय, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर अद्याप उमटतो. तिपाई, आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेल्या मास्तरांची. फोन तात्यांच्या भाच्याचा. अ‍ॅडॉप्टर सर्वांच्या वर्गणीचे. माझ्याकडे थर्मास आणि कोणाचीही बाजू न घेण्याची जोखीम, एवढेच होते. सोलापूर रस्त्याने उजाडायच्या आत निघालेली आमची मोटार यवतला पोचते न पोचते तोच तात्यांनी तोंडी फर्मान काढले, की फोन एकदा स्कोपला लागल्यानंतर त्यावर येणारा कोणताही कॉल हा कामात हेतुपुरस्सर आणलेला अडथळा समजण्यात येईल. भाच्याने फोन एअरप्लेन मोडवर टाकण्याचे कबूल केले. तसे लेखी देण्यास मात्र साफ नकार दिला.

भिगवणहून कुंभारगावच्या बाजूला वळले की उजनीचा फुगवटा दिसू लागतो. भीमेवरचे हे धरण 1980 साली पुरे झाले, नदीकाठची गावठाणे, शेते आणि पळसदेवचे पुरातन देऊळ त्या पाण्याखाली गेले, आणि मग ज्यांच्यापाशी वहिवाटीचा कसलाही दस्तऐवज नाही असे पाहुणे, म्हणजे हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस, जोडीजोडीने हिंडणारे चक्रवाक आणि लांब टांगांचे रोहित, ह्या मुलखात हंगामी मुक्काम करू लागले. इतरांना येथे पाणी दिसते. तात्यांना त्याच्या तळाचे सर्व्हे नंबर दिसतात. हंसांच्या थव्याकडे बराच वेळ बघून ते गंभीरपणे म्हणाले, "ह्यांची नोंद इतर अधिकारांत घ्यावी लागेल."

तिपाई होडीतच उभारावी, असा त्यांचा मूळ बेत होता. नावाड्याने हातातला बांबू गाळात रोवून ती मांडामांड शांतपणे न्याहाळली. "तात्या, होडी हलनार, तुमी हलनार, पानी तर हलतंयच," तो म्हणाला, "पाखरू तेवढं गप उभं ऱ्हाईल. मंग फोटू कशाचा निघायचा?" आपण वर्षानुवर्षे फळ्यावर लिहून दमलो तो धडा इतक्या थोड्या शब्दांत आटोपलेला ऐकून मास्तर क्षणभर निरुत्तर झाले. अखेर पाणी ओसरून उघड्या पडलेल्या गाळपेराच्या जमिनीवर, रोहितांच्या थव्यापासून बऱ्याच अंतरावर, नावाड्याने आम्हांला उतरवले, आणि बिडी पेटवून तो पुढचा प्रकार पाहायला निवांत बसला.

पुढचा प्रकार लांबला. नेत्रिकेचा रबरी काठ खाली मुडपावा, अ‍ॅडॉप्टरचा चिमटा नेत्रिकेवर बसवून त्याचा स्क्रू आवळावा, आणि फोन तसूतसूने सरकवीत त्याचे भिंग नेत्रिकेच्या बरोबर मध्यावर आणावे, एवढीच कृती खोक्यावरच्या चित्रात दाखवलेली होती; परंतु तो मध्य कोठे आहे, यावर आमच्यात एकमत होईना. मास्तरांनी काडीने गाळात आकृती काढून समजावले, की स्कोपच्या तोंडाच्या व्यासाला पटीने भागले की बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते; 80 भागिले 20, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढे 4 मिलिमीटर; त्या झोतावरून फोनचे भिंग केसभर ढळले की पडद्यावर अमावास्या. त्यातून भाच्याच्या फोनला तीन भिंगे. एकाला महत्प्रयासाने जागेवर आणावे, तर फोन स्वतःच्या अखत्यारीत दुसऱ्याकडे कारभार सोपवी, आणि मग पडद्यावर अ‍ॅडॉप्टरचे काळे प्लॅस्टिक अत्यंत सुस्पष्ट उमटे. अंधार हटेना तेव्हा तात्यांनी स्कोपची कडी फिरवून पट 60 वर नेली. साठपटीचे पैसे मोजले असताना विसावर का थांबावे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. तेणेकरून झोत सव्वा मिलिमीटरच्या आसपास आला आणि होता नव्हता तो उजेडही मावळला. मास्तरांनी कडी विसावर आणली, तात्यांनी साठावर नेली, मास्तरांनी पुन्हा विसावर आणली. आणि ह्या दोन सत्तांच्या रस्सीखेचीत भाच्याने मुकाट्याने फोनवरचा झूम किंचित वाढवून चित्राभोवतीचे काळे कडे चौकटीबाहेर घालवले.

चित्र आले, आणि मग ह्या यंत्राचा खरा स्वभाव ध्यानी आला. पक्षी वीसपट मोठा करण्याचे वचन ते पाळते, यात संशय नाही. परंतु इतर गोष्टी वीसपट करण्यातही ते तिळमात्र कुचराई करीत नाही. गालाला न जाणवणारी झुळूक पडद्यावर वादळ होऊन येई; तात्यांनी मागे टाकलेले एकेक पाऊल भूकंपासारखे पोचे; आणि छायाचित्र घेण्यासाठी भाच्याने पडद्याला बोट लावताच सबंध थवा चौकटीतून तडीपार होई. म्हणून दोन सेकंदांनी आपोआप उघडझाप करणारा टायमर लावण्यात आला, माझी थर्मासची पिशवी वजनासाठी तिपाईच्या मध्यदांड्याला टांगण्यात आली, आणि बहुमताच्या ठरावाने तात्यांना एका जागी स्थानबद्ध करण्यात आले. मी चहाला मुकलो. मात्र त्या पिशवीच्या भाराखाली तिपाई खरोखर स्थिरावली. फोनने गाळाच्या काळसर रंगावर भरवसा ठेवून पांढऱ्या पक्ष्यांची पिसे पार करपवली होती. भाच्याने पडद्यावर बोट दाबून उजेड खाली ओढला, आणि एक रोहित पिसापिसांनिशी समोर उभा राहिला.

तो मान पार पायांपर्यंत खाली सोडून, डोके उलटे करून जेवत होता. नुसत्या डोळ्यांना ज्याची केवळ एक फिकट रेघ दिसत होती, त्याची मध्येच वाकलेली चोच, तिचे काळेभोर टोक, आणि तिच्या कडांतून पाणी बाहेर फेकले जात असताना होणारी बारीक थरथर, हे सर्व पडद्यावर स्वच्छ दिसू लागले. वरचा जबडा खाली आणि खालचा वर, अशा उफराट्या बैठकीत तो जिभेच्या पंपाने पाणी आत ओढी, चोचीतल्या चाळणीतून गाळी आणि शेवाळ व बारीक जलचर तेवढे ठेवून घेई. त्याच अन्नातल्या रंगद्रव्याने त्याची पिसे गुलाबी होतात, असे मास्तर सांगत असताना, एरवी स्कोपला आळीपाळीने डोळा लावताना एकमेकांना कोपर मारणारे आम्ही सर्वजण त्या वीतभर पडद्याभोवती एकाच वेळी दाटीवाटीने उभे होतो. नावाडीही बिडी विझवून येऊन उभा राहिला. जन्म पाण्यावर गेलेल्या त्या माणसाने पुष्कळ वेळ पाहिले आणि म्हणाला, "रोज बघतुया, पन ह्यो उलटा जेवतुया हे आज कळलं."

दहाच्या सुमारास ऊन चढले, तापल्या गाळावरची हवा लटपटू लागली, आणि थव्यातल्या प्रत्येक रोहिताला हिवताप भरल्याचा देखावा पडद्यावर दिसू लागला. तापलेल्या हवेवर कोणत्याही भिंगाची मात्रा चालत नाही. जितकी पट वाढवावी तितका हा कंपही वाढतो, म्हणून जाणती माणसे कोवळ्या उन्हातच काम उरकतात, हे सांगताना मास्तरांच्या मुद्रेवर, निसर्गाने आपल्या बाजूने साक्ष दिल्याचे समाधान होते. तात्यांनी साठपटीचा दावा काढून घेतला आणि आम्ही भिगवणच्या खानावळीकडे वळलो.

तेथे तळलेल्या चिलापीचे ताट समोर येईपर्यंत मालकीचा तंटा उभा राहिला. भिंग ज्याचे त्याचे छायाचित्र, हे तात्यांचे म्हणणे. स्थैर्य ज्याचे त्याचे, हे मास्तरांचे. आणि चित्र ज्याच्या फोनमध्ये आहे त्याला इतरांनी काय म्हणून हिशेब विचारावा, हे भाच्याचे. वर्गणीच्या अ‍ॅडॉप्टरचा चौथा हिस्सा धरावा की सामाईकात टाकावा, यावर तर वाटणीपत्राचा मसुदाच तयार होऊ लागला. नावाडी काटे काढीत ऐकत होता. त्याने हात धुतले, आपला फोन पुढे केला, आणि "त्येवढं माज्या व्हाट्सॅपला टाका," म्हणाला. त्याला हिस्सेदार कोणी मानलेच नसल्यामुळे कोणीही हरकत घेतली नाही.

पुढच्या हंगामात कुंभारगावच्या वळणावर आम्हांला आमचा रोहित भेटला. पुरुषभर उंचीच्या फ्लेक्सवर तो उलट्या डोक्याने जेवत होता. वर होडीचे दर, खाली नावाड्याचा मोबाइल क्रमांक, आणि कोपऱ्यात ठसठशीत अक्षरांत 'फोटो : होडीमालक' अशी नोंद. भाचा खवळला. नावाडी मात्र शांतपणे म्हणाला, "पाखरू आमच्या गावचं, उभं आमच्या गाळात, तुमास्नी न्हेलं आमच्या होडीनं. ऱ्हायलं काय?"

तात्यांनी चष्मा पुसून फ्लेक्सची बारकाईने पाहणी केली. "कब्जा उघड आहे, प्रत्यक्ष आहे," ते म्हणाले. "बारा वर्षे बिनहरकत राहिला, तर मालकी ह्याचीच. आपला हक्क शाबूत ठेवायचा असेल, तर दर हंगामात येथे जातीने येऊन हरकत नोंदवण्यावाचून गत्यंतर नाही." मास्तरांनी ताबडतोब अनुमोदन दिले, आणि घरी दाखवण्याजोगे इतके सबळ कारण हाती आल्यावर भाच्याचाही राग निवळला.