सगळं आहे म्हणे!

एडवणसारख्या गावात नीट रेंज मिळाली की जगातलं सगळं संगीत खिशात, असं म्हणतात. मग मोबाईलवरच्या गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये नुसतं 'तारपा' टाईप करून बघा. वर तरंगतात ती डीजेवाली रिमिक्स. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानांचा खरा तारपा, म्हणजे वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, शोधायला बरंच खाली उतरावं लागतं. यात अ‍ॅपचा दोष नाही म्हणे. ते बिचारं गाण्याचं नाव, गायक, अल्बम असे रकाने वाचतं आणि जास्त वाजलेलं वर ठेवतं. आता त्याच वारल्यांचं लग्न गाणी गात लावणाऱ्या धवलेरीने हे रकाने कसे भरायचे? तिच्या गाण्यांना ना अल्बम, ना कंपनी.

कुणी म्हणेल, अपलोड करा की, अडवलंय कोणी? कोणीच नाही. फक्त स्पॉटिफायवर २०२४ पासून असा नियम आहे की वर्षभरात गाणं १००० वेळा वाजलं नाही, तर रॉयल्टी शून्य. आणि 'वाजलं' म्हणजे ३० सेकंद ऐकलं; तेवढ्यात तारपकऱ्याचा दमसुद्धा जमत नाही, तो तर रात्र रात्र वाजवतो. त्याच्याभोवती नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत. अ‍ॅपमध्ये पाठ करायला 'पुढचं गाणं' असं खास बटण दिलंय. बरं, कॅसेटवाल्यांनी तरी कुठे दिवे लावले होते? कबूल. पण आमच्याकडे सगळं आहे, अशी फुशारकी त्यांनी कधी मारली नाही. तेव्हा तारपा ऐकायचाच असेल, तर भातकापणीनंतर सरळ जव्हारची एसटी धरा.