एम.ए. भाऊसाहेब

तालुक्याच्या कोणत्याही तहसील कचेरीत, फेरफारांच्या धुळकट दप्तरांआड, चाळिशी उलटल्यावर विद्यार्थिदशेत पुनःप्रवेश केलेले एखादे अव्वल कारकून हटकून बसलेले असतात. इतर सारे नुसतेच भाऊसाहेब. हे मात्र ‘एम.ए. भाऊसाहेब’, आणि ही उपाधी त्यांना विद्यापीठाने नव्हे, तर कचेरीच्या शिपायाने, निकालाची वाट न पाहता परस्पर बहाल केलेली असते.

आमच्या कचेरीतल्या भाऊसाहेबांचेच पाहा. 1989 साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद त्यांनी अक्षरशः मनावर घेतले. ‘कार्यालयीन कामकाजात व्यत्यय येणार नाही या अटीवर’ वरिष्ठांची परवानगी मिळाली. घरकामातील व्यत्ययाबद्दल सरकारने कोणतीच अट घातलेली नसल्यामुळे रविवारी भाऊसाहेब अभ्यासकेंद्राकडे आणि बाजाराची पिशवी वहिनींकडे, अशी वाटणी झाली. बारावीतल्या चिरंजीवांना ‘अभ्यास कर’ म्हणून दरडावण्याचा पित्याचा वंशपरंपरागत हक्कही त्याच सुमारास संपुष्टात आला, कारण एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसणाऱ्या त्या उभयतांपैकी डुलकी आधी कोणाला लागते, हे सर्व घरास ठाऊक होते.

आता, या खटाटोपाने नोकरीत काय साधले, असे कोणी रोखठोक विचारील, तर महसूल खात्यातील बढतीची वाट ज्येष्ठता यादीतून आणि महसूल अर्हता परीक्षेतून जाते, हे सांगणे भाग आहे. एम.ए.ची सेवापुस्तकात नोंद झाली. पगारात छदामाचीही भर पडली नाही. बदलली ती लेखणी. विषय मराठी घेतलेला असल्यामुळे शेतसाऱ्याच्या तगाद्याची नोटीसही करुण रसात उतरू लागली, आणि ती ऐकून सद्गदित झालेले खातेदार वसुलीऐवजी सांत्वनासाठी कचेरीत येऊ लागले. विधानसभेतील तारांकित प्रश्नाचे उत्तर असो की सेवानिवृत्तीचे मानपत्र, भाऊसाहेबांचा हात लागल्याखेरीज कागद दाराबाहेर पडेना. (मानपत्रे, माझ्या मते, उत्तरांहून सरस असत, तेथे वस्तुस्थितीची अडचण नसे.)

अशातच, रीतसर परीक्षा आणि ज्येष्ठता यांच्या बळावर, शेजारच्या तालुक्यात नायब तहसीलदार म्हणून बढतीचा हुकूम आला. आमचे तहसीलदार रावसाहेब हवालदिल झाले. ‘प्रशासकीय निकड लक्षात घेता संबंधितांस तूर्त कार्यमुक्त करणे उचित होणार नाही’ अशा आशयाचे पत्र वरिष्ठांकडे धाडण्याचे त्यांनी ठरविले, आणि मसुद्याची नस्ती शिरस्त्याप्रमाणे भाऊसाहेबांच्याच टेबलावर येऊन पडली. भाऊसाहेबांनी रात्र जागून तो लिहिला. दोन ठिकाणी शब्द बदलले, एक अन्वय सुधारला, आणि युक्तिवाद इतका निर्दोष साधला की वरिष्ठांनी ती विनंती उलट टपाली मान्य केली.