आधी शब्द ठरवा, मग बग शोधा

‘बग आहे’ हे टेस्टरच्या तोंडचं सगळ्यात निरुपयोगी वाक्य. काय बिघडलंय ते त्यातून कळत नाही आणि कुणी काय करायचं ते तर मुळीच नाही.

साखर कारखान्याचा वजनकाटा घ्या. कराडच्या वाचकाला तो समजावून सांगायला नको. समजा, काट्याचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानं धरून चाललं की ट्रॅक्टरमागे एकच ट्रॉली असते. ही माणसाची चूक, म्हणजे ‘एरर’. त्या समजुतीतून लिहिलेल्या कोडमध्ये दुसऱ्या ट्रॉलीच्या वजनाला जागाच नाही. हा ‘डिफेक्ट’. मग एके रात्री दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आला आणि शेतकऱ्याच्या हाती एकाच ट्रॉलीच्या उसाची पावती पडली. हे ‘फेल्युअर’. तोवर डिफेक्ट कोडमध्ये होताच, फक्त कुणाला दिसला नव्हता.

तिन्हींवरचा इलाज वेगळा आणि तो करणारा माणूसही वेगळा. पावती दुरुस्त करून शेतकऱ्याचा फरक भागवायचा कारखान्यानं. कोड बदलायचा प्रोग्रामरनं. आणि काट्यावर कोणकोणती वाहनं येतात हे सुरुवातीलाच का विचारलं नाही, याचा छडा लावायचा प्रकल्पप्रमुखानं. तिन्हींना ‘बग’ म्हटलं की पावती दुरुस्त होते, ‘बग मिटला’ अशी नोंद होते आणि कोड तसाच राहतो. पुढच्या दोन ट्रॉल्यांचा शेतकरी पुन्हा फसतो.

दुसरी जोडी रीटेस्टिंग आणि रिग्रेशन टेस्टिंगची. केलेली दुरुस्ती लागू पडली का, हे बघणं म्हणजे रीटेस्टिंग. त्या दुरुस्तीनं आधी नीट चालणारं काही बिघडवलं नाही ना, हे बघणं म्हणजे रिग्रेशन टेस्टिंग. टेस्टर म्हणतो, ‘पुन्हा टेस्ट केलं.’ त्यानं पहिलं केलेलं असतं, साहेब दुसरं झालं असं समजतात आणि सॉफ्टवेअर काट्यावर चढतं. इथे खोटं कुणीच बोललेलं नसतं. नुकसान मात्र होतं.

तिसरी जोडी सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटीची. बिघाड किती गंभीर, हा एक प्रश्न. तो किती लवकर दुरुस्त करायचा, हा दुसरा. पावतीवर कारखान्याचं नाव चुकीचं छापलं गेलं तर वजनाला धक्का लागत नाही, पण दुरुस्ती आजच हवी. दोन्हींसाठी ‘हाय’ हा एकच शिक्का मारणाऱ्या टीमला काम कुठून सुरू करायचं ते कधीच कळणार नाही.

‘आमचं आम्हाला कळतं,’ असं यावर ऐकू येतं. एका खोलीत बसणाऱ्या तिघांना कळतही असेल. टेस्टर कराडला, प्रोग्रामर हिंजवडीत आणि ग्राहक तिसरीकडेच असला की कळत नाही. काल रुजू झालेल्या मुलीला तर नाहीच.

शब्द आधी ठरवायची शिस्त आपल्याला परकी नाही. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, १९६० साली, साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं. अध्यक्ष होते वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. त्यांच्या देखरेखीखाली वाईत मराठी विश्वकोशाचं काम उभं राहिलं. त्या कोशाचा परिभाषा संग्रह हा क्रमानं अठरावा खंड, पण तो छापला १९७३ साली. पहिला खंड आला १९७६ साली. शेकडो लेखक वेगवेगळ्या विषयांवर लिहिणार, तर एका कल्पनेला सगळीकडे एकच शब्द हवा, हे त्यांनी ओळखलं होतं. ज्ञानकोशाला जे लागतं ते सॉफ्टवेअरलाही लागतं.

टेस्टिंगच्या जगातही शब्दकोश तयार आहे. आयएसटीक्यूबी ही आंतरराष्ट्रीय संस्था तो फुकट देते. आयएसओ २९११९ हे टेस्टिंगचं आंतरराष्ट्रीय मानक २०१३ पासून येऊ लागलं, तेव्हा पुढच्याच वर्षी जगभरच्या अनेक टेस्टरांनी त्याविरुद्ध सह्यांची मोहीम काढली. सगळ्यांना एका साच्यात बसवू नका, हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. म्हणून मी सगळ्या जगाचा एकच कोश मागत नाही. एका टीमचा एक कागद मागतो. त्यावर पंधरा-वीस शब्द, प्रत्येकासमोर एक ओळीचा अर्थ. हवा तो शब्द घ्या, पण घेतला की तक्रारीत, अहवालात आणि बैठकीत तोच वापरा.

याची सुरुवात कॉलेजात व्हायला हवी. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयही १९६० सालचंच. तिथल्या आणि सातारा-सांगलीतल्या प्रत्येक कॉलेजातल्या परीक्षकांना माझी विनंती आहे. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत गटातल्या दोघांना वेगवेगळं बोलवा आणि ‘तुमच्या प्रोजेक्टमध्ये डिफेक्ट कशाला म्हणायचं?’ एवढंच विचारा. उत्तरं जुळली नाहीत, तर डेमो बघायच्या आधी गटाला तो कागद लिहायला बसवा.