चतुःसीमा समुद्र

परभणी जिल्ह्यातील मनुष्याची समुद्राशी गाठ मुख्यत्वे दोनच ठिकाणी पडते, एक शाळेच्या नकाशात आणि दुसरी हवामानाच्या बातम्यांत. नकाशात तो निळा असतो, आणि बातम्यांत तो सदैव कमी दाबाचा पट्टा निर्माण करण्यात गुंतलेला असतो, जो पट्टा विदर्भापर्यंत मोठ्या दिमाखाने येऊन आमच्या शिवेजवळ पोहोचताच त्याचे मन बदलते. ह्यात आमचा काही कसूर आहे असे मला वाटत नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत आम्ही ज्या हैदराबाद संस्थानात होतो, त्याचा विस्तार ८२,००० चौरस मैलांहून अधिक असूनही त्यास हातभर किनारा नव्हता, आणि अखेरच्या काळात पोर्तुगीजांकडून मार्मागोव्याचे बंदर मिळविण्याची जी खटपट निजाम सरकारने आरंभिली होती, ती तडीस जाण्यापूर्वीच संस्थानाचा कारभार आटोपला. ती खटपट फळास येती, तर आमच्या तीर्थरूपांची, जे त्या काळी महसुलात पेशकार होते, एखाद्या बंदरावर बदली झाली असती, आणि मी अव्वल कारकून म्हणून सेवानिवृत्त होण्याऐवजी तांडेल म्हणून झालो असतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असे आम्ही अभिमानाने म्हणतो खरे. परंतु जर्मनीला निदान उत्तरेकडे समुद्र आहे.

अशा मनुष्याच्या डोक्यात नौकानयनाचा विचार आला तो आमच्या मुंबईकर भाच्यामुळे. वेस्ट इंडीज म्हटले की आमच्या पिढीस सोबर्स आठवतो, ह्यापलीकडे तेथील बेटांचा आम्हांस तपास नव्हता. भाच्याने सांगितले की त्या बेटांच्या दरम्यान उतारवयातील नवरा-बायको स्वतःच्या छोट्या शिडाच्या नौकेतून, पूर्वेकडून अखंड वाहणाऱ्या व्यापारी वाऱ्यांच्या भरवशावर, दिवसचे दिवस प्रवास करीत असतात. रात्री तीन-चार तासांचा पहारा आळीपाळीने करतात. पतीचा पहारा चालू असता पत्नी निजते आणि पत्नीचा चालू असता पती. दीर्घ संसाराच्या अंती दांपत्यजीवनाची याहून निर्वेध व्यवस्था मी तरी ऐकलेली नव्हती. नौकेतील गोडे पाणी मोजके असल्यामुळे भांडी समुद्राच्या पाण्याने घासून शेवटचा हात तेवढा गोड्या पाण्याचा फिरवितात, हे ऐकून मात्र आमच्या मंडळींनी निवडण्याच्या ताटातून मानही वर न करता विचारले, “मग त्यात नवल काय? उन्हाळ्यात आपण दुसरं काय करतो?”

त्या बेटांवर जाण्याइतके निवृत्तिवेतन मला नाही. परंतु नकाशा उलगडून पाहता असे आढळून आले की ग्रेनाडा नामक बेट बाराव्या अक्षांशाच्या आसपास आहे आणि आमचे पोर्ट ब्लेअरही अकराव्या-बाराव्याच्या दरम्यानच. मधे अर्धी पृथ्वी आहे, एवढाच काय तो फरक. शिवाय १४९२ साली हिंदुस्थान शोधावयास निघालेला कोलंबस तिकडच्या बेटांवर जाऊन थडकला व त्यांनाच हिंदुस्थान समजून बसला, ही महसुली दृष्टीने पाहता केवळ चुकीच्या गट नंबरावर घेतलेली कब्जेपावती होय. तो फेरफार कोणीच रद्द न केल्यामुळे ती बेटे आजतागायत इंडीजच्या नावे चालली आहेत. तेव्हा मूळ मालकांनी आपल्या स्वतःच्या बेटांची पाहणी करणे अधिक न्याय्य, असे ठरवून संक्रांतीनंतर चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाणाऱ्या सरकारी जहाजाची दोन तिकिटे आम्ही काढविली. विमानाने दोन-अडीच तासांत जे अंतर कापता येते त्यास हे जहाज सुमारे साठ तास घेते, असे तिकीट काढणाऱ्याने मोठ्या सहानुभूतीने सांगितले. मी त्यास अधिक वेळ लावणारे जहाज आहे काय, असे विचारले.

आमच्या कुटुंबाचे माहेर सोनपेठकडचे. तेव्हा गोदावरी ही त्यांच्या लेखी घरचीच बाई. प्रवासापूर्वी जनाबाईच्या दर्शनासाठी गंगाखेडला गेलो असता घाटावर उभ्या राहून त्यांनी प्रश्न केला, “ही कुठं जाती शेवटी?” बंगालच्या उपसागरास, असे मी सांगताच त्या निश्चिंत झाल्या. “मग कामून एवढं भ्यायचं? आपलीच नदी हाय तिथं.” ह्या युक्तिवादात भौगोलिक दोष कोणताच नव्हता. त्र्यंबकेश्वरी, अरबी समुद्राच्या इतक्या नजीक जन्मास येऊनही त्या समुद्राकडे पाठ फिरवून सुमारे साडेचौदाशे किलोमीटरचा वळसा घालणारी ही नदी स्वभावाने आमच्याच भागातली आहे, ह्याविषयी मला शंका नाही. पैठणला जायकवाडीचे धरण झाल्यापासून तिच्या पाण्यास खाली उतरण्यासाठी रीतसर परवानगी लागते, ती गोष्ट अलाहिदा.

जहाजावर पाऊल ठेवताच माझ्यातील अव्वल कारकून जागा झाला, आणि किनारा दिसेनासा झाल्यावर तर तो अगदीच अस्वस्थ झाला. ज्याने आयुष्यभर बांधावरून भांडणाऱ्या भावाभावांचे पंचनामे केले, ज्याच्या हातून १९५४ च्या खासरा पत्रकांच्या असंख्य नकला गेल्या, त्यास अशी एकही वस्तू ठाऊक नव्हती जिला चतुःसीमा नाही. सवयीने मी वहीत नोंद करू लागलो: पूर्वेस समुद्र, पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस समुद्र, उत्तरेस समुद्र, मधील मिळकत, जहाज एक, चालू स्थितीत. हद्दीबद्दल कोणाची हरकत नाही, अतिक्रमण नाही, शेतरस्त्याचा वाद नाही, पोटहिस्सा नाही. इतकी निर्वाद मिळकत उभ्या नोकरीत माझ्यासमोर आली नव्हती, आणि आता आली ती निवृत्तीनंतर, जेव्हा तिच्यावर सही करण्याचा मला अखत्यार उरला नव्हता.

आमच्या शेजारच्या खोलीत रत्नागिरीकडील एक निवृत्त मुख्याध्यापक सपत्नीक होते. समुद्र आपल्या रक्तात आहे, असे त्यांनी पहिल्याच भेटीत आम्हांस कळविले. वारा कोणता, भरती केव्हा, ढगाचा अर्थ काय, ह्याविषयी ते अधिकारवाणीने बोलत, आणि परभणी हे गाव नेमके कोठे येते, हे त्यांनी दोनदा विचारून घेतले. दुसऱ्या दिवशी जहाज किंचित डोलू लागले आणि रक्तातील समुद्राने बाहेरच्या समुद्रास ओ दिली. त्यानंतर ते बिछान्यावरून उठले ते थेट बंदर आल्यावर. माझीही प्रकृती सर्वस्वी ठीक होती असे नव्हे. परंतु मी तिची नोंद ‘किरकोळ रजा’ ह्या सदराखाली करून तिला फार महत्त्व दिले नाही. मंडळींना मात्र काहीही झाले नाही. ज्या बाईने उमेदीची वर्षे आमच्याकडील रस्त्यांवरून मोटारीच्या अगदी मागच्या बाकावर बसून माहेर-सासर केले, तिला बंगालच्या उपसागराने आणखी काय हलवावे? मुख्याध्यापकांच्या पत्नीस लिंबाचे लोणचे आणि त्यांना स्वतःस कोरडा धपाट्याचा तुकडा देऊन त्यांनी उभयतांस सावरले, आणि वर “समुद्र तुमचाच, तरी असं कसं झालं?” असे विचारले. त्यांच्या मनात कपट नव्हते, त्यांना खरोखरीच कुतूहल होते. परंतु मुख्याध्यापकांनी भिंतीकडे तोंड वळविले.

माझे तर असे मत बनत चालले आहे की समुद्रप्रवासास लागणारा मुख्य गुण किनाऱ्यावरच्या माणसांपाशी नसून आमच्यापाशी आहे. शिडे आणि सुकाणू हा किरकोळ भाग झाला, त्याला पगारी माणसे असतात. प्रवाशाने करावयाचे काम एकच, ते म्हणजे वाट पाहणे. मुंबई-पुण्याची मंडळी दुसऱ्या प्रहरीच हैराण झाली. भ्रमणध्वनीची तार तुटलेली, बातमी नाही, उतरण्यास स्थानक नाही, आणि खिडकीतून जे दिसते आहे ते सकाळीही दिसत होतेच. आम्ही एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीची वाट पाहत स्थानकात बसलेलो आहोत. मृगाची वाट पाहून, मृग कोरडा गेल्यावर आर्द्रांची पाहिली आहे. अनुदानाची यादी लागण्याची, यादीत नाव येण्याची आणि आलेल्या नावातील चूक दुरुस्त होण्याची वाट पाहण्यात ज्यांचे उन्हाळे गेले, त्यांना साठ तास म्हणजे कारकुनाने ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ म्हणण्याइतका अवकाश. कठड्याशी बसून मी तासन्‌तास काहीही करीत नव्हतो, आणि ह्या कलेतील माझे प्रावीण्य पाहून एका खलाशाने मला आपण पूर्वी जहाजावर होता काय, असे हिंदीत विचारले.

गोडे पाणी ठरावीक वेळीच नळास येई. ह्या वार्तेने इतरत्र जो हाहाकार उडाला तो मंडळींनी विस्मयाने पाहिला, आणि वेळेपूर्वी पाच मिनिटे आपली बादली नळाखाली लावून ठेवली. अर्ध्या बादलीत स्नान, त्याच पाण्यात पंचा, उरल्या तांब्यात भांडी, हे प्रात्यक्षिक पाहण्यास खालच्या वर्गातून दोन बंगाली बायका आल्या, त्यांना तीळगूळ मिळाला, आणि एकमेकींच्या भाषेचा एक शब्दही न कळता तिघींचे एकमत झाले. भोजनगृहात एका दुपारी भेंडीची भाजी आली. आमच्या कृषी विद्यापीठाने काढलेला ‘परभणी क्रांती’ नावाचा भेंडीचा वाण देशभर गेलेला असल्यामुळे, आणि आमच्या गावाच्या नावे देशभर गेलेली ही एकमेव क्रांती असल्यामुळे, मंडळींनी ती भेंडी बारकाईने तपासली व ‘ही आपली नव्हं’ असा निकाल दिला.

एक नवल मात्र मला आगाऊ कोणी सांगितले नव्हते. परभणीहून पोर्ट ब्लेअर सुमारे सोळा रेखांश पूर्वेस, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने तासाभराहून थोडे अधिक पुढे; परंतु घड्याळ सरकारी असल्यामुळे दोन्हीकडे एकच. परिणामी जहाज पुढे जाईल तसतसा सूर्य रोज थोडा अधिक लवकर कामावर रुजू होऊ लागला. आमच्याकडे पौष-माघात सातच्या सुमारास हजेरी लावणारे हे महाशय पोर्ट ब्लेअरला पावणेसहालाच हजर असतात, आणि संध्याकाळी साडेपाचच्या आतबाहेर दफ्तर बांधून चालते होतात. मंडळींना ही शिस्त फार आवडली. मला ती एकतर्फी वाटली.

अखेरच्या रात्री मुख्याध्यापक बिछान्यावरच प्रथम नीट बसू शकले, तेव्हा बोलणे साहजिकच काळ्या पाण्यावर आले. ४ जुलै १९११ रोजी सावरकर ‘महाराजा’ बोटीतून ह्याच बंदरात उतरविले गेले, म्हणजे भर पावसाळ्यात, बंदिवानांच्या दाटीत आणि बेड्यांसकट. त्यांचे ज्येष्ठ बंधू बाबाराव त्यापूर्वीच तेथे शिक्षा भोगीत होते. हे आठवल्यावर आपल्या मळमळीचे वर्णन पुढे चालविणे मुख्याध्यापकांस प्रशस्त वाटले नाही, आणि मीही माझ्या वहीतील ‘किरकोळ रजा’ खोडून टाकली.

पोर्ट ब्लेअरला उतरलो ते ज्या लॉजमध्ये, तिच्या मालकीणबाई मोठ्या संकोचाने म्हणाल्या की येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु तो ठरतो कोठे, धनीखाडीचे धरण तेवढे एक, तेव्हा नळास पाणी रोज येत नाही, क्षमा असावी. परभणीस ह्याच्या एकतृतीयांशही पाऊस होत नाही, हे मी सांगणार, तोच मंडळींचा चेहरा असा काही उजळला की जहाजावर सूर्योदयानेही तो उजळला नव्हता. पाणी कोणत्या वारी येते, किती वेळ असते, पिंप किती, हौद कोठे, ही चौकशी त्यांनी स्वतःच्या हिंदीत तेथल्या तेथे पूर्ण केली. पहिल्या धारेचे गढूळ पाणी वापरण्यास काढावे, तोटीस फडके बांधावे, पिण्याचे मागाहून भरावे, अशी तोंडी ताकीद दिली, आणि पाण्याच्या वारी पहाटे, म्हणजे तेथील भर उजेडात, पदर खोचून त्या बाईंच्या पिंपांची फेरमांडणी केली. सेल्युलर जेल आम्ही पाहिले, परंतु ते पाणी भरून झाल्यावर. निघताना मालकीणबाईंनी भाड्यात काही सूट दिली. ती मंडळींच्या श्रमाची मजुरी म्हणून दिली की आम्ही परभणीचे म्हणून अवर्षणग्रस्तांस दिली, ह्याचा खुलासा पावतीवर नाही.